घरटं एकाचं, पिल्लू कुणाचं?

आणीबाणीच्या काळात नसबंदी या शब्दाने आपल्याकडे गावोगावच्या लोकांची झोप उडवली होती. त्याच सुमारास, १९७५ साली, अमेरिकेत नसबंदीवरचाच एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फरक एवढाच, की ती पक्ष्यांची होती. लाल खांद्याचे ब्लॅकबर्ड तिकडे थव्याने शेतांवर उतरतात आणि उभं पीक फस्त करतात. मारून मारणार तरी किती? त्यापेक्षा नरांनाच वांझ केलं तर? या पक्ष्यांत एकेक नर दलदलीतला पाणकणसांचा एक तुकडा अडवून बसतो आणि त्याच्या हद्दीत अनेक माद्या घरटी करतात. एका नरावर शस्त्रक्रिया केली की त्याच्या हद्दीतली सगळी अंडी वाया, असा सरळ हिशेब होता. कोलोरॅडोत नर पकडले, शस्त्रक्रिया केली, सोडून दिले. नर आपापल्या हद्दीत परतले आणि पूर्वीसारखेच तांबडे खांदे फुगवून गाऊ लागले. माद्यांनी घरटी केली, अंडी घातली. त्यांतल्या अर्ध्याहून अधिक घरट्यांमधली अंडी फलित निघाली.

शस्त्रक्रिया चोख झाली होती, चुकला होता तो हिशेब. हद्दीचा मालक तोच पिल्लांचा बाप, हे कुणीही तपासून पाहिलेलं नव्हतं.

तपासावं असं वाटण्यासारखं काही दिसतही नव्हतं म्हणा. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९६८ साली सगळ्या जगाचा धांडोळा घेऊन सांगितलं होतं, की पक्ष्यांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक जाती जोडीने संसार करतात. हे काही हवेतलं विधान नव्हतं. नर-मादी मिळून घरटं राखतात, दोघं चोचीत अळ्या घेऊन येतात, पिल्लं उडेपर्यंत एकमेकांची साथ सोडत नाहीत, हे कुणालाही दुर्बिणीतून दिसतं. दुर्बिणीतून जे दिसत नाही ते मोजायचं साधन १९८४ च्या सप्टेंबरात लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांच्या हाती लागलं. डीएनए ठशांचं हे तंत्र गुन्हेगार हुडकायला आणि माणसांच्या पितृत्वाचे दावे निकाली काढायला वापरलं जाऊ लागलं, आणि तीनच वर्षांत, १९८७ मध्ये, चिमण्यांच्या घरट्यांपर्यंत पोचलं. आपली साधी घरचिमणी! एकाच घरट्यातली सगळीच पिल्लं घरच्या चिमण्याची असतात असं नाही, हे रक्ताच्या थेंबाने सांगून टाकलं.

त्यानंतर जगभरच्या घरट्यांतून रक्ताचे थेंब गोळा होत राहिले. २००२ साली या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तपासलेल्या सुमारे नव्वद टक्के जातींमध्ये बाहेरच्या नराची पिल्लं सापडली होती. जोडीने संसार करणाऱ्या जातींतही सरासरी ११ टक्क्यांहून अधिक पिल्लं घरच्या नराची नसतात. लॅक यांचं काही खोटं ठरलं नाही. जोडी असते आणि ती खरीच असते. पण पिल्लं वाढवण्याचा करार आणि पिल्लांचं बीज या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पहिल्यात अत्यंत विश्वासू असलेला पक्षी दुसऱ्यात तसा असेलच असं नाही. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, कारण आपण निष्ठा म्हणतो तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणत असतो.

लेखात पुढे येणारे सगळे पक्षी गायक गटातले आहेत. या गटाची शास्त्रीय यादी आपल्या कानाला पटणारी नाही. तिच्यात कावळा बसतो आणि कोकीळ बाहेर राहतो, कारण तिथे गोडव्याला मार्क नाहीत. श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्राची रचना पाहिली जाते. जगातल्या पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जातींपैकी जवळपास निम्म्या या गटात मोडतात.

आता जोडीदाराच्या निवडीकडे येऊ. निवड कशी होते ते पाहायला परदेशी जायची गरज नाही, अलिबागजवळचं किहीम पुरेसं आहे. १९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून परतले होते. हाताला नोकरी नव्हती, म्हणून ते किहीमला राहायला गेले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तो पावसाळा त्यांनी तिच्याकडे बघत काढला आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. त्याआधी या पक्ष्याबद्दल हवं ते बोललं जाई. झाडावर लटकणारी अर्धवट घरटी म्हणजे नराने स्वतःला झोके घ्यायला बांधलेले पाळणे, हा असाच एक लोकप्रिय समज. सालिम अलींना दिसलं ते जास्त निष्ठुर होतं. ती नापसंत झालेली घरटी होती.

उन्हाळ्यात चिमणीसारखा मळकट दिसणारा सुगरणीचा नर पावसाच्या तोंडावर रंग बदलतो. डोकं आणि छाती पिवळीधमक, चेहरा काळपट. मग तो विणायला बसतो. उंच गवताच्या किंवा भाताच्या पात्याला खालच्या अंगाला चोचीने एक चीर पाडतो, ती कड घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या झटक्यासरशी पात्याची लांब, सुतळीएवढी पट्टी सुटून हाती येते. अशा शेकडो पट्ट्या आणून तो बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला आधी नुसती गाठ मारतो, मग कडं करतो, कड्यावर छप्पर चढवतो. खालून पाहिलं तर टांगलेलं शिरस्त्राण दिसतं, हनुवटीखालच्या पट्ट्यासकट. इथे काम थांबतं. अंड्यांची खोली नाही, खाली लोंबणारी नळी नाही. आता गिऱ्हाईक यायला हवं.

माद्या घोळक्याने येतात. त्या दिसल्या की वसाहतीतले सगळे नर आपापल्या घरट्याला लटकून पंख फडफडवत एकच कालवा करतात. एखादी मादी एका घरट्यात शिरते, आडव्या पट्ट्यावर बसते, छताच्या काड्या चोचीने ओढून पाहते, बाहेर डोकं काढून फांदी न्याहाळते आणि निघून शेजारच्या घरट्यात जाते. नराकडे ती फारसं पाहतही नाही! पसंत पडलं तर तिथेच राहते, जोडी जमते. मग नर खोली आणि नळी पूर्ण करतो. मादी आत मऊ अस्तर घालून अंडी घालते, आणि नर शेजारीच दुसऱ्या घरट्याची गाठ मारायला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवण्याचं काम सगळं तिचं. ज्याच्या घरट्याला कुणीच होकार दिला नाही त्याचं शिरस्त्राण तसंच वाळून लटकत राहतं. संशोधक सुहेल कादर यांनी पुढे याच पक्ष्याचा अभ्यास केला. मादीच्या होकारात विणकामाच्या कलाकुसरीपेक्षा जागेला जास्त वजन असतं, असं त्यांना आढळलं. घरटं कुठल्या झाडावर, किती उंच, कसल्या फांदीला, हे आधी. फ्लॅट घेताना आपल्याकडेही सोसायटी आधी बघतात आणि फरशी मागून.

सुगरणीच्या कुळातल्याच एका आफ्रिकी पक्ष्यात मादी घराऐवजी नवऱ्यामुलाचा डौल पाहते. लांब शेपटीच्या विडोबर्डच्या नराला वीणीच्या हंगामात अर्ध्या मीटरची काळी शेपटी फुटते आणि तो ती मिरवत गवतावरून उडतो. माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केनियाच्या पठारावर काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ते तुकडे दुसऱ्यांच्या शेपटीला चिकटवून त्या आणखी लांब केल्या. काहींची शेपटी कापून जशीच्या तशी परत जोडली, म्हणजे कापाकापीचाच परिणाम झाला असं कुणी म्हणायला नको. वाढीव शेपटीवाल्यांच्या हद्दीत माद्यांनी सर्वांत जास्त घरटी केली. १९८२ सालचा हा प्रयोग. सौंदर्याची निवड मादी करते, हे डार्विनने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलं म्हणणं कात्री आणि गोंद घेऊन रानात तपासायचं धाडस तोवर फारसं कुणी केलं नव्हतं.

पण सगळ्याच माद्यांना एकच नर आवडत असता तर हे प्रकरण सोपं झालं असतं. ऑस्ट्रेलियातला झेब्रा फिंच हा आपल्या मुनियांच्या कुळातला पिटुकला पक्षी. जर्मनीतल्या झेविझन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत वोल्फगांग फोर्स्टमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांचं स्वयंवर मांडलं. माद्यांच्या आणि नरांच्या गटांना मोकळं सोडलं आणि ज्यांचं जमलं ते जमू दिलं. मग निम्म्या जोड्या तशाच ठेवल्या. उरलेल्या निम्म्या मोडल्या आणि त्यांतल्याच पक्ष्यांची आपल्या मर्जीने अदलाबदल करून लग्नं लावली. मोडलेल्या जोड्यांतले पक्षीही कुणाच्या ना कुणाच्या पसंतीचेच होते, म्हणजे मालात खोट नव्हती. तरीही स्वतः निवडलेल्या जोड्यांची ३७ टक्के अधिक पिल्लं जगली. लादलेल्या जोड्यांत वांझ अंडी जास्त, अंडी हरवण्याचं प्रमाण जास्त, आणि पिल्लं मरत ती बहुतेक अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे बाप घरट्यावर सर्वांत जास्त लागतो त्याच दिवसांत. पत्रिका जुळवणाऱ्या समाजाने हा २०१५ चा निबंध दिवाणखान्यात मोठ्याने वाचायला हरकत नाही, पण मला त्यातलं दुसरंच जास्त मोलाचं वाटतं. या माद्यांची निवड एकमेकींहून वेगवेगळी होती. ‘उत्तम नर’ असा कुणी नसून ‘हिच्याशी जुळणारा नर’ होता.

इतकं पारखून निवडल्यावर बाहेर जायचं कशाला?

या प्रश्नाकडे जायच्या आधी एक शारीरिक बाब. बहुसंख्य पक्ष्यांच्या नरांना शिश्न नसतं. दोघांची शेपटीखालची छिद्रं क्षणभर एकमेकांना टेकतात, बस्स. मादीने शेपटी बाजूला घेतली नाही तर हे घडणं फार कठीण. शिवाय मादीच्या शरीरात सूक्ष्म नळ्या असतात. त्यांत ती शुक्राणू कित्येक दिवस जिवंत साठवून ठेवते. तेव्हा पिल्लू कुणाचं याचा निकाल बऱ्याच अंशी तिच्याकडे असतो. ‘बिचारी फसली’ हे जुन्या पुस्तकांतलं पालुपद इथे लागू पडत नाही.

डनॉक हा इंग्लंडच्या बागांतला मातकट, खाली मान घालून फिरणारा पक्षी. व्हिक्टोरियाच्या काळातले रेव्हरंड फ्रेडरिक मॉरिस हे पाद्री पक्ष्यांवर पुस्तकं लिहीत. डनॉकच्या साध्या राहणीचा कित्ता भाविकांनी गिरवावा, असा त्यांचा उपदेश होता. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात निक डेव्हिस यांनी डनॉकांच्या पायांत रंगीत कडी घालून खरोखर लक्ष ठेवलं, तेव्हा एक नर-एक मादी, एक नर-दोन माद्या, दोन नर-एक मादी, दोन-दोन, असे सगळे प्रकार एकाच बागेत नांदताना दिसले. समागमापूर्वी मादी पिसं फुलवून शेपटी थरथरवत उभी राहते. नर मागे येऊन तिच्या शेपटीखाली चोचीने टोचत राहतो, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. ते छिद्र गुलाबी होऊन फुगतं आणि त्यातून एक थेंब बाहेर पडतो. नर थांबून थेंबाकडे पाहतो आणि मगच तिच्यावरून उडी मारल्यासारखा क्षणार्धात समागम उरकतो. तो थेंब आधीच्या नराचा असतो. रेव्हरंड मॉरिस यांच्या हाती चांगली दुर्बीण नव्हती हे एका परीने बरंच झालं.

दोन नरांच्या घरात थोरला नर मादीला नजरेआड होऊ देत नाही. मादी झुडपाआड सटकते आणि धाकट्यालाही संधी देते. का? कारण ज्या नराला समागम लाभला तोच पुढे पिल्लांना भरवतो. आपलं पिल्लू कोणतं हे दोघांनाही कळत नाही. मादीजवळ किती वेळ मिळाला त्या मानाने ते अळ्या आणतात. डीएनएच्या ठशांनी १९८९ साली दाखवलं, की हा अंदाज मोठ्या प्रमाणावर बरोबर असतो. दोन्ही नर राबले तर मादीची जास्त पिल्लं जगतात. तिचा फायदा उघड आहे.

कॅनबेराच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातल्या सुपर्ब फेअरी-रेनचा फायदा इतका उघड नाही. निळ्या-काळ्या नराचा आणि तपकिरी मादीचा हा संसार वर्षानुवर्षं टिकतो. मोठे झालेले मुलगे घरीच राहून धाकट्या भावंडांना भरवायला मदत करतात. एकत्र कुटुंबाचं आदर्श चित्र! १९९४ साली या उद्यानातल्या पिल्लांचे बाप शोधले तेव्हा ७६ टक्के पिल्लं कुटुंबाबाहेरच्या नरांची निघाली. पुढे माद्यांवर छोटे रेडिओ बसवले. अंडी घालायच्या दोन-चार दिवस आधी मादी उजाडण्यापूर्वीच्या काळोखात उठते, मधल्या हद्दी ओलांडत सरळ एका ठरलेल्या नराच्या हद्दीत जाते आणि उजाडायच्या सुमाराला घरी परतते. ती जाते ते बहुधा अशा नराकडे, ज्याने हिवाळ्यातच, इतरांच्या कितीतरी आधी, निळा पोशाख चढवलेला असतो. इतक्या लवकर रंग चढवून तो महिनोन्महिने टिकवणं सगळ्यांना परवडत नाही. नरही दिवसा शेजारच्या माद्यांना भेटायला जातात आणि जाताना चोचीत पिवळी पाकळी धरून नेतात. घरच्या बायकोसाठी पाकळी नाही. ज्यांच्या घरात मदतनीस मुलगे आहेत त्या माद्या जास्त बाहेरख्याली, हेही दिसलं. नवऱ्याने हात आखडता घेतला तरी घर चालणार असतं.

नवरे हात आखडता घेतातच. ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटावरच्या चिमण्यांची वंशावळ बहुतेक पूर्ण ठाऊक आहे. बेट लहान, बाहेरून चिमणी क्वचितच येते, जवळपास प्रत्येकीच्या पायात कडी. तिथल्या बारा वर्षांच्या नोंदींवरून ज्युलिया श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की बाहेर जाणारी चिमणी बायको म्हणून मिळाली तर चिमणा पिल्लांना कमी भरवतो. तोच चिमणा दुसऱ्या वर्षी निष्ठावान चिमणीसोबत असेल तर जास्त भरवतो. पिल्लांची घरटी बदलून पाहिली तेव्हा मात्र त्याच्या वागण्यात फरक पडला नाही. पिल्लू परकं आहे हे त्याला ओळखता येत नाही. कदाचित ती किती वेळ घराबाहेर होती यावरून तो अंदाज बांधत असावा.

म्हणजे बाहेर जाण्याची किंमत चिमणीला मोजावी लागते. मग ती जाते का? पुस्तकांत बरीच वर्षं छापलं जाणारं उत्तर असं, की घरच्यापेक्षा सरस बीज मिळवायला. उत्तर सुबक आहे, म्हणूनच मला ते थोडं संशयास्पद वाटतं. लंडी बेटावरच बाहेरच्या बापाची पिल्लं पुढे कशी निघतात ते पाहिलं गेलं, तर आयुष्यभरात त्यांना घरच्या पिल्लांपेक्षा कमी संतती झाली. घरचा नर वांझ निघाला तर अंडी वाया जायला नकोत, हा विमा काही जातींत असू शकतो. कोलोरॅडोच्या ब्लॅकबर्डांना तो उपयोगी पडला यात शंका नाही. फोर्स्टमायर यांनी झेब्रा फिंचच्या पिढ्या तपासून २०११ साली तिसराच मुद्दा पुढे आणला. भटक्या नरांच्या मुली भटक्या निघतात. चंचलपणाचा नराला भरपूर फायदा असल्याने ती जनुकं टिकतात आणि मुलींनाही वारशाने मिळतात, मुलींचा त्यात फायदा असो वा नसो. या उत्तरात मादीचं शहाणपण नाही की पापही नाही, म्हणून ते कुणालाच फारसं आवडत नाही.

एकनिष्ठ पक्षी अजिबात नाहीत असं नाही. फ्लोरिडाच्या वाळूवरच्या खुरट्या ओकांत राहणारा स्क्रब-जे हा कावळ्याच्या कुळातला पक्षी आहे. तिथल्या आर्चबोल्ड संशोधन केंद्रात ग्लेन वुल्फेंडन यांनी १९६९ साली त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्याच्या घरट्यांत परक्या बापाची पिल्लं जवळजवळ सापडतच नाहीत आणि काडीमोडही क्वचितच होतो. जमीन कमी, रिकामा तुकडा मिळायला मुलांना वर्षं वाट पाहावी लागते, आणि मिळालेला तुकडा राखायला दोघं लागतात. रानातल्या झेब्रा फिंचमध्येही परकी पिल्लं शेकडा दोनच्या आसपास, तर पिंजऱ्यात तेच प्रमाण कितीतरी वाढतं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात पाऊस केव्हा येईल सांगता येत नाही. आला की लगेच अंडी घालायची असतात, त्यामुळे जोडीदार बारमाही जवळ हवा. पिंजऱ्यात दाणापाणी आयतं असतं.

करार आणि बीज वेगळे आहेत याचा मला सर्वांत पटलेला पुरावा ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानातला आहे. तिथे ग्रेट टिट पक्ष्यांच्या नोंदी १९४७ साली लॅक यांनीच सुरू केल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जॉश फर्थ आणि सहकाऱ्यांनी तिथे हिवाळ्यात दाण्याचे असे डबे टांगले, की पक्ष्याच्या पायातला टॅग वाचूनच दार उघडेल. काही डबे सम क्रमांकांना उघडत, काही विषम. टॅगचे क्रमांक मुद्दाम असे वाटले होते, की काही जोड्यांत नवऱ्याला एक डबा चाले आणि बायकोला दुसरा. भूक भागवायची तर दोघांनी वेगवेगळ्या जागी जायला हवं. हे पक्षी गेले नाहीत. ज्या डब्यातून स्वतःला दाणा मिळणार नाही त्याच्याशेजारी, जोडीदार खात असताना, ते थांबून राहत. कडाक्याच्या थंडीत, दहा-वीस ग्रॅमच्या जिवाला हे महाग पडतं. काही दिवसांनी त्यांतले कित्येक एक युक्ती शिकले. जोडीदाराने दार उघडलं की ते बंद व्हायला दोन सेकंद लागत, तेवढ्यात चोच घालून दाणा पळवायचा. वसंत आल्यावर या जोड्यांनी एकत्र घरटी केली असतील, आणि वायथमच्या ग्रेट टिटच्या घरट्यांतून रक्ताचे थेंब तपासले तर त्यांतही काही पिल्लं शेजाऱ्याची निघतात.